गेंडा कुणी बघितला?

आमच्या कामातले किस्से धुण्याच्या बादलीसारखे. एक पिळून काढावा, तर तळाशी आणखी दोन बुडालेले सापडतात.

काम असं: चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या पुस्तकांतली झाडं-प्राणी कुणी कुणाचं बघून काढले, ते शोधायचं. रोह्याला आमचे सर आणि सोबत काम करणारी मेघना, पेणला मी. मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपवर लेक मनवा. यंदा तिला शाळेत घालायचंय. दोन्हींपैकी एक तरी काम मला जमतंय का, हे विचारू नका.

*

रामवाडीतल्या शेजारच्या काकूंना मी हे सगळं नीट समजावलं.

"म्हंजे कॉप्या पकडतेस," त्या म्हणाल्या. "बोर्डाच्या परीक्षेला पण पकडतात गो. पकडणाऱ्यांना न्यायला जीप येते."

*

सरांनी एकदा धरमतरच्या मासेवालीला एक जुनं चित्र दाखवलं. माशाला चक्क साधूचं तोंड! असलं काही खाडीत मिळतं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. तिनं मोबाइल लांब धरून पाहिला.

"मुंडकं काढून आणा, मग विकते."

*

ठशावरून छापलं की चित्र उलटं होतं, डाव्याचं उजवं. म्हणून ताडून बघताना आम्ही चित्रं फिरवून घेतो. मेघनाच्या बोटांना आता ती सवयच लागलीय. माझ्या नवऱ्याचा गणपतीचा कारखाना. तिनं प्रेमानं त्याचा कॅटलॉग करून दिला आणि फोटो सवयीनं फिरवले. सगळे गणपती उजव्या सोंडेचे!

गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले. एवढं सोवळं आमच्यानं व्हायचं नाय, म्हणे. दिवसभर नवरा फोनवर देवांच्या सोंडा जागेवर आणत होता.

*

आमच्या पुस्तकांत एक गेंडा आहे. ज्यानं तो काढला त्यानं गेंडा पाहिलाच नव्हता. ऐकीव माहितीवर काढला आणि पाठीवर एक शिंग जास्तीचं दिलं. पुढचे सगळे तेच गिरवत गेले. आता मनवाही.

शाळेनं बोलावलं. तिथे मुलाखत म्हणत नाहीत, 'भेट' म्हणतात. घाम तोच. आठवडाभर मी तिला खऱ्या गेंड्याचे व्हिडिओ दाखवले होते.

बाईंनी मुलांना कागद दिले, आवडता प्राणी काढायला सांगितला. मनवानं गेंडा काढला. पाठीवर शिंग. शेजारच्या मुलीनंही गेंडा काढला. पाठीवर शिंग.

"कुणी कुणाचं बघितलं?" बाईंनी विचारलं.

मला पगार ह्याच प्रश्नाचा मिळतो. झाली ॲडमिशन, मी मनात म्हटलं.

"हिनं माझं बघितलं," मनवा म्हणाली. "मी आईच्या लॅपटॉपमधलं बघितलं. त्यानं दुसऱ्याचं बघितलं. खरा गेंडा कुणीच नाय बघितला." मग भिंतीवर बाईंनी स्वतः रंगवलेल्या गेंड्याकडे तिनं बोट केलं. "तुमी बघितला?"

मी मनवाला उचललं आणि घरी आले.

मनवाला प्रवेश मिळाला. पहिल्या दिवशी तिला सोडायला गेले, तर भिंतीवर गेंड्याच्या जागी मांजर होती.