मोटर बंद झाल्यावरचा आवाज

आधी मी बेरिंगलाच दोष दिला. गिरणी चालवणाऱ्या बाईला बारीक कुई ऐकू आली तर तिच्या मनात दुसरं काय येणार? मोटर कुरकुरली, पट्टा घासला, दगड कोरडा फिरला, सगळं मी कानानंच ओळखत आलेली. आमचं गाव पोखर्णीच्या वाटेवर. गावात पिठाची गिरणी एकच आणि ती माझी. नवऱ्याची शेती, माझी गिरणी, अशी आमच्या घरात पहिल्यापासूनची वाटणी. मालक गिरणीत पाय ठेवायचे नाहीत. अंगावर पीठ उडतं म्हणे! रानातला चिखल गुडघ्यापर्यंत चालायचा, पीठ तेवढं चालायचं नाही.

तर ती कुई. मोटर चालू केली की तिच्या घरघरीत ती लपायची, पण अधूनमधून डोकं वर काढायचीच. मी मानवतहून मोटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्यानं मोटर खोलली, बेरिंग बदललं, चहा पिऊन गेला. कुई तशीच. परत बोलावलं, त्यानं पट्टा बदलला. कुई तशीच. मग मात्र माझं डोकं फिरलं. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा बाकावर दळणवाल्या बाया बसलेल्या होत्या. त्यांच्यादेखत मी त्याला धारेवर धरला.

"मावशी, मोटर नवरीवानी हाय आता. कसलाच आवाज न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई कसा? आता बंद केलीस तरी अजून कुई करायलीय बघ ती!"

तो माझ्याकडं बघत राहिला. बाया पण बघायला लागल्या. मग तो हळूच म्हणाला, "मावशी, मी बंद न्हाई केली. लाईट गेलीय."

खरंच लाईट गेली होती. दगड थांबलेला, पट्टा लोंबलेला, गिरणीत कुणी बोलेना. आणि माझ्या डोक्यात कुई चालू. मी बाकावर बसले. ज्या मोटरीला महिनाभर शिव्या घातल्या तिचा काही दोष नव्हता. आवाज माझ्याच कानात होता, आणि कान काही खोलून दाखवता येत नाही.

गावात गोष्ट पसरायला गिरणीइतकी चांगली जागा दुसरी नाही. दुसऱ्या दिवसापासून दळणाबरोबर इलाज यायला लागले. लसूण घालून कढवलेलं तेल, कांद्याचा रस, कुणाच्या मामीला गुण आलेला कसलासा पाला. बायांनी मायेनं सांगितलं, मी मायेनं ऐकलं, आणि कानात काही घातलं नाही. दगडावर तेल ओतून कधी पीठ बारीक निघालंय का?

मोबाईलनं तर कहरच केला. त्याला कुणी सांगितलं कुणास ठाऊक, पण उघडला की कानाचीच जाहिरात. एक गुळगुळीत माणूस हात जोडून सांगायचा की कानातली शिट्टी आठवड्यात गायब. आधी आणि नंतर असे दोन फोटो. अरे, आवाजाचा फोटो कसा काढलास बाबा तू? तीच बाटली बहिरेपणावर, केस गळण्यावर आणि गुडघेदुखीवरही. मी काय गुडघ्यानं ऐकते का? मी हसायचे, मालक हसायचे नाहीत. ते चष्मा लावून जाहिरात शेवटपर्यंत बघायचे. मला त्याचा रागच यायचा.

शेवटी परभणीला कानाच्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवून कानांना यंत्र लावलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. बारीक आवाज कधी आले, कधी गेले, मला पत्ताच नाही. डॉक्टरांनी कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली. वर्षानुवर्षं मोटरीपाशी उभं राहून कानाच्या आतले केसासारखे बारीक तंतू झिजलेत म्हणाले.

"मग औषध?" मालकांनी विचारलं.

"हा आवाज एकदम घालवील असं औषध माझ्याकडं नाही," डॉक्टर म्हणाले. "जो आहे म्हणेल त्याला आधी पैसे देऊ नका, आणि कानात तर काहीच घालू नका."

त्या वेळी मला त्या माणसाचा असा संताप आला! एवढ्या लांब यायचं, रांगेत बसायचं आणि ऐकायचं काय, तर औषध नाही. पण त्यांनी मला उठू दिलं नाही. राहिलेली ऐकण्याची ताकद सांभाळा म्हणाले, गिरणीत कान झाकायचे कप लावा. घरात अगदी शांत बसू नका, पंखा, रेडिओ काहीतरी बारीक चालू ठेवा. आवाज आला की त्याच्याशी भांडत बसू नका, मन हळूहळू त्याला ओळखीचं करून घेतं. आज सांगते, त्या माणसाचे माझ्यावर लय उपकार आहेत. खोटं बोलून चार बाटल्या हातात देणं त्यांना काय अवघड होतं? दगड झिजला तर टाकी मारून, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडून, त्याला परत धार आणता येते. कानाला टाकी मारायला कुणी येत नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितलं.

कप आणले. हेडफोनसारखे, कानावर घट्ट बसणारे. ते लावून मी गिरणीत उभी राहिले आणि पहिल्यांदाच मला गिरणी परकी वाटली. तसं गिरणीत बोलणं पहिल्यापासून हातानंच. मोटरीपुढं कुणाचा आवाज टिकतो? मूठ वर केली की थांब, तळहात पुढं हलवला की चालू दे, बोटं चोळली की पीठ बघ बारीक आलं का. माणसांशी अडलं नाही. अडलं दगडाशी. वरच्या पेटीतलं दळण संपत आलं की दगडाचा आवाज बदलतो, कोरडा होतो. तेवढ्यात मोटर बंद करायची, नाहीतर दगडावर दगड घासतो आणि त्याची कच पिठात उतरते. हे मी पेटीकडं न बघता करायचे. गप्पा मारता मारता हात आपोआप बटणावर जायचा. आता हात जाईना.

आणि एक दिवस व्हायचं ते झालं. कुणाचं तरी दळण बांधून देत होते, पेटी रिकामी झाली, दगड कोरडा फिरला, मला कळलंच नाही. जळका वास आला तेव्हा धावले. बंद केलं, चाळून दिलं, वाटलं निभावलं. संध्याकाळी वरच्या आळीतली एक बाई आली. पदराखाली भाकरीचा तुकडा.

"मावशी, रागावू नका, पण जरा कचकच लागायलीय बघा."

मी तुकडा दातांखाली घेतला. कचकच होती. ती बाई भांडली असती तर मीही चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. ती भांडली नाही. मी माझ्या घरच्या ज्वारीचं पीठ तिला दिलं, ती नको नको म्हणत असताना दिलं, आणि गिरणीला कुलूप लावलं. लेकरांच्या तोंडात दगड घालणारी गिरणी चालवायची नाही, हे मी पहिलं दळण दळलं त्या दिवशीच ठरवलं होतं.

कुलूप लावलं आणि घरात बसले. तेव्हा कळलं की गिरणीच्या आवाजानं कान बिघडला तरी गिरणीशिवाय तो जास्तच वाजतो. घर शांत, हात रिकामे, आणि कुई, कुई, कुई. बाया दळण घेऊन लांबच्या गावाला जायला लागल्या. जाताना दाराशी थांबून विचारायच्या, "कवा उघडायलाव?" मी काय सांगणार? माझ्या आयुष्यात माझी म्हणावी अशी ती एकच वस्तू होती आणि ती मी माझ्याच हातानं बंद केली होती. मी चिडचिडी झाले. मालकांवर तर उठता बसता खेकसायचे.

त्यातच मालक सोनपेठच्या बाजाराला जाऊन आले. आले ते डोक्याला रुमाल गुंडाळूनच वावरायला लागले. सर्दी म्हणाले. मी काढा दिला. मग त्यांना भाकरी चावता येईना. एका बाजूनं चावायचे आणि डोळे मिटायचे. मी म्हणलं, ही कसली सर्दी? रुमाल ओढला तर डावा कान लाल, सुजून फुगलेला.

"काय करून घेतलंव हे?"

 त्यांनी कोनाड्यातून बाटली काढून दिली. बाटलीवर तोच गुळगुळीत माणूस, हात जोडून!

मग मी जो तोंडाचा पट्टा सोडला! डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? कान होते ना तुम्हाला, चांगले दोन होते! आणि माझ्या दुखण्याचं औषध तुमच्या कानात कशाला? ते खाली मान घालून ऐकत राहिले. माझा श्वास संपला तेव्हा हळूच म्हणाले,

"तुझ्या कानात घालायच्या आधी बघावं म्हणलं."

मी बाटली खाली ठेवली.

"तू न्हाईच घेणार म्हणलीस. म्हणलं, मला काय न्हाई झालं तर तुला सांगता येईल. आग व्हायला लागली तसं बंद केलं." मग म्हणाले, "मला काय ऐकूच येत न्हाई गं. तू एकटीच ऐकायलीस. मी काय करू?"

मला रडू फुटलं. खोटं कशाला सांगू, हमसून रडले. संसार एवढा झाला, पण हा माणूस माझ्यावर इतका जीव लावून आहे हे मला एका भोंदूच्या बाटलीनं सांगावं? रडता रडताच मी रिक्षा सांगितली आणि त्यांना परभणीला नेलं. डॉक्टरांनी कान बघितला, बाटली बघितली, माझ्याकडं बघितलं. "पडदा शाबूत आहे, नशीब समजा," म्हणाले. मालकांना म्हणाले, "काका, बायकोचं ऐकत जा." मालक म्हणाले, "ह्या कानानं की त्या?" डॉक्टर हसले, मीही हसले. किती दिवसांनी हसले होते मी.

परतीच्या वाटेत एसटीत मालक म्हणाले, "तुला दगड ऐकू येत न्हाई, पण पेटी दिसती ना?"

"दिसती. पण मी पेटीकडं बघू का बटणाकडं, का दळण बांधू?"

"पेटीकडं मी बघतो," ते म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. चेष्टा करत नव्हते. पीठ अंगावर उडतं म्हणणारा माणूस!

कान बरा झाला तसं आम्ही कुलूप काढलं. दगडाला टाकी मारून घेतली. टाकी मारली की पहिलं दळण माणसाच्या पोटी जाऊ द्यायचं नाही, त्यात दगडाची कच असते. ते घरची ज्वारी घालून काढायचं आणि टाकून द्यायचं. एरवी मी त्यासाठी कोपऱ्यातलं किडकं-मिडकं घालायचे. मालकांनी त्या दिवशी नव्या पोत्यातली टपोरी ज्वारी आणून ओतली. मी ओरडले, टाकून द्यायला असली ज्वारी? ते म्हणाले, "असू दे, गिरणीचं हाय." ते पीठ उकिरड्यावर गेलं. मग खरं पहिलं दळण कुणाचं आलं असेल? वरच्या आळीतल्या त्याच बाईचं. तिनं डबा ठेवला आणि तळहात पुढं हलवला, चालू दे. तिचे उपकार मी कशानं फेडू?

तेव्हापासून आमचं हे असं चाललंय. मालक स्टुलावर, कानाला कप, नजर पेटीवर. दळण संपत आलं की मूठ वर. मी बटणापाशी, माझ्याही कानाला कप. मालक डोक्यापासून मिशीपर्यंत पांढरे होऊन घरी येतात आणि अंगणात झटकत बसतात. सुरुवातीला त्यांची मूठ एवढ्या लवकर वर जायची की निम्मं दळण पेटीतच राहायचं. मी खेकसायचे, त्यांना ऐकू जायचं नाही. हा एक फायदाच. आता जमतं त्यांना. त्यानंतर कुणाच्या भाकरीत कचकच लागली नाही.

कान वाजायचा थांबलेला नाही. थांबणार नाही, हे मला कळलंय. पहाटे चूल पेटवताना तो असतो, दुपारी असतो, हे लिहितानाही आहे. पण मी त्याला शिव्या घालत नाही. रेडिओ बारीक लावते, कामाला लागते, आणि कित्येकदा तो आहे हे तासभर विसरून जाते. दळणाच्या रांगेत कुणी मोबाईलवर ती जाहिरात दाखवली की मी मालकांकडं बोट दाखवते. म्हणते, ह्यांना विचारा गुण. ते कान झाकून घेतात.

परवा भर दुपारी लाईट गेली. दगड थांबला, मी कप काढले, बाकावरच्या बाया गप्प झाल्या, आणि माझ्या कानात ती कुई वर आली. मालकांनी पेटीवरची नजर काढून माझ्याकडं बघितलं. कप काढायचं त्यांना सुचलं नाही. बोट आपल्या कानाला लावलं आणि मनगट फिरवून विचारलं, आहे का?

मी मान हलवली. आहे. त्यांचा चेहरा उतरला.

मग मी हात वर केला आणि तळहात पुढं हलवला.

बाकावरची एक बाई म्हणाली, "मावशी, लाईट गेलीय की. काय चालू दे?"

मालकांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी हसून माझ्याकडं बघत तसाच हात हलवला.