लोड देऊन बघ

सगुणा वहिनींचा फोन आला तेव्हा माझ्या हातात एक स्प्रिंग होती. सकाळची पाळी नुकतीच सुरू झाली होती. सातपूरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये खिडकीतून तिरपं ऊन आलं होतं आणि त्या उन्हात बारीक धूळ तरंगत होती. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. निवृत्ती हरसूलच्या आपल्या दुकानात वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर चढवता चढवता खाली बसला, तो उठलाच नाही. त्रेचाळीस वर्षांचा होता. मी फोनवर काय बोललो ते मला आठवत नाही. ती स्प्रिंग मात्र मी दिवसभर खिशात घेऊन हिंडलो. संध्याकाळी कपडे बदलताना ती बायकोला सापडली.

आता पाच आठवडे झाले. पहाटे अर्धवट जाग येते तेव्हा मला अजून त्याची धाव ऐकू येते... एक पाऊल बुटाचं, एक पाऊल विळ्याचं, म्हणजे त्याच्या लावलेल्या पायाचं. धप्, टक्. धप्, टक्. आवाज लांबून येतो, खिडकीपाशी येतो, पुढे निघून जातो. मी डोळे उघडत नाही. उघडले की तो थांबतो हे आता कळलंय.

तो हरसूलजवळच्या एका पाड्यावरचा, मी घोटीचा. दोघंही विशीत सातपूरला लागलो, एकाच वर्कशॉपात. तो मशीनवर स्प्रिंगा वळायचा आणि मी त्या तपासायचो. आमच्याकडे तपासलेल्या मालाला हिरवं टॅग बांधतात. त्यावर लोड, लोडखालची उंची, तारीख आणि माझी सही. मालाला उशीर झाला की निवृत्ती माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहायचा. "पका, कालची तारीख टाक की. कालच झाला अस्ता, मशीन बसलं म्हणून राह्यला." मी टाकायचो नाही. मागची तारीख मी आयुष्यात कधी टाकलेली नाही, आणि याचा मला नको तेवढा गर्व होता.

पाळी सुटली की आम्ही धावायला जायचो. त्र्यंबक रस्त्याकडेच्या मैदानावर, फक्कीने आखलेल्या लाल मातीच्या गोलात. चारशे मीटर हे दोघांचंही अंतर आणि पहिला नेहमी तोच. इतर लोक माणसाला तोंडावरून ओळखतात, मी निवृत्तीला पाठीवरून ओळखायचो. उजवा खांदा किंचित खाली, मान सरळ, आणि शेवटच्या वळणावर शर्ट फुगायचा. ती पाठ पुढे असली की मला का कोण जाणे, बरं वाटायचं. आपण कुठे चाललोय याचा विचार करावा लागत नसे.

मग एका पावसाळ्यात घाटातल्या वळणावर त्याची मोटरसायकल घसरली आणि वरून टेम्पो आला. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मी दवाखान्यात गेलो तेव्हा तो छताकडे बघत पडला होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "पका, आता तू मोकळा. पुढं कोणी नाय." आणि हसला. मला हसता आलं नाही. बाहेर येऊन मी जिन्यात बसून रडलो, पण खोटं कशाला सांगू, त्या रडण्याच्या तळाशी कुठेतरी त्याचं ते वाक्य जाऊन बसलं.

वर्षभराने एका संस्थेने त्याला धावायचा पाय दिला. काळा, चकचकीत, खाली पुढे वळलेला. आम्हा भातवाल्या मुलखातल्या माणसांना तो बघताक्षणी एकच गोष्ट आठवली, म्हणून त्याचं नाव विळा पडलं. पहिले महिने नुसतं रक्त. त्या पायाच्या वरच्या वाटीत उरलेला खुंट घासायचा, मोजा भिजायचा, आणि हा मैदानाच्या कडेला बसून तो मोजा पिळायचा. मग हळूहळू ते धप्-टक् सुरू झालं. मी पुढे असायचो आणि मागून तो आवाज यायचा. दीड वर्षाने एका संध्याकाळी तो आवाज माझ्या बाजूला आला, आणि मग पुढे गेला. पुन्हा ती पाठ. मला आनंद झाला, खरंच झाला. पण गोल संपताच मी त्याच्या विळ्याकडे बोट केलं. "स्प्रिंग लावून धावतोस लेका," मी म्हणालो. थट्टेतच म्हणालो.

त्याने ते थट्टेवारी नेलं नाही. चहाच्या टपरीवर बसून तो कितीतरी वेळ विळ्यावरून बोटं फिरवत राहिला. "सुटताना ह्यो झोपलेला असतो," तो म्हणाला, "वळणावर भायेर वढतो. पण शेवटच्या शंभरात तुझी पोटरी भरून येते ना, माझी येत नाय. पोटरीच नाय तर काय भरणार?" मग चहाचा कप उचलत, "खरं सांगू पका? माझं मी धावतो का ह्यो मला धाववतो, मलाच ठाव नाय. कोणीतरी नीट मोजून सांगावं. मग काय निघंल ते निघो." त्याला जिंकायचं तर होतंच, पण त्याहून जास्त हे जाणून घ्यायचं होतं. मी ऐकलं, मान हलवली आणि चहाचे पैसे दिले.

त्या वर्षी राज्य स्पर्धेची निवड चाचणी आमच्याच मैदानावर होती. निवृत्तीने खुल्या गटातच नाव दिलं, कारण तो आधीपासून तिथेच धावत होता. बरेच कागद फिरल्यावर त्याला परवानगी मिळाली. पहिले दोघे पुढे जाणार होते. निवृत्ती दुसरा आला, मी तिसरा. श्वासही खाली बसला नव्हता तोच एका संघाच्या प्रशिक्षकाने हरकत घेतली. पाय मुद्दाम उंच बनवलाय, त्याने ढांग लांब पडते, शिवाय तो उसळी देतो. पंच तिघे, तिघेही बुचकळ्यात. उसळी मोजायचं यंत्र तिथे कुणाकडे असणार? निदान उंची तरी मोजू, असं ठरलं. कोण मोजणार म्हटल्यावर निवृत्तीने माझ्याकडे बोट केलं. पंच म्हणाले, हा तर तिसरा आलाय, तू बाद झालास तर हाच जाईल. निवृत्ती म्हणाला, "तोच मोजील. त्याच्या हातनं चुकीचा माल कधी भायेर गेला नाय."

आता इथे स्प्रिंगची एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिला दोन उंच्या असतात, मोकळी असताना एक आणि लोडखाली एक. मोकळ्या उंचीला काही अर्थ नसतो. लोड द्यायचा, ती दबली की मोजायची, तेवढीच खरी. विळ्याचंही तसंच. धावणाऱ्याचं वजन पडलं की तो दबतो, म्हणून मुळातच थोडा उंच ठेवतात. हे मला निवृत्तीनेच सांगितलं होतं, आणि नसतं सांगितलं तरी रोज दोनशे स्प्रिंगा दाबणाऱ्या माणसाला ते कळायला हवं होतं.

निवृत्ती बाकावर बसला होता, विळा हवेत मोकळा. मी गुडघ्यापासून खाली पट्टी लावली. लोकांना मी आजवर, जेव्हा सांगितलं तेव्हा, गडबडीत लोड द्यायला विसरलो असंच सांगत आलोय. विसरलो नव्हतो. पट्टी लावताना मला ते लख्ख आठवलं. आठवलं, आणि मी तसंच मोजलं. डाव्या पायापेक्षा आठ सूत जास्त, म्हणजे सरळ एक इंच. मी आकडा मोठ्याने वाचला. पंचांनी लिहून घेतला. निवृत्तीने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही... पहिल्यांदाच एखादी गोष्ट बघावी तसं. तो एक शब्द बोलला असता तर मी पुन्हा मोजलं असतं. पण तो पट्टे आवळून उठला आणि धप्-टक् करत नळाकडे पाणी प्यायला गेला.

पंचांनी त्याला बाद ठरवलं, त्याच्या जागी मी राज्य स्पर्धेत गेलो आणि पहिल्याच फेरीत बाद झालो. पुढे कुणी दिसेना आणि मला धावताच येईना.

त्यानंतर तो कधी स्पर्धेत उतरला नाही. मला वाटलं होतं, आता आपल्याशी बोलणार नाही. पण सोमवारी सकाळी तो नेहमीसारखा कामावर आला, एक स्प्रिंग माझ्या टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाला, "लोड देऊन बघ." बस. पुढे त्याने हरसूलला दुकान टाकलं, तरी ते वाक्य काही सुटलं नाही. बाजाराच्या दिवशी गेलो की नागलीची भाकरी पुढे करून म्हणायचा, "लोड देऊन बघ." माझ्या लेकीसाठी स्थळ आलं तेव्हाही हेच म्हणाला. वहिनी हसायच्या, त्यांना वाटायचं आमची काहीतरी जुनी गंमत आहे. मीही हसायचो. बारा वर्षं मी प्रत्येक वेळी ठरवून जायचो की आज बोलायचं, आणि भाकरी खाऊन परत यायचो.

तेराव्याला वहिनींनी जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. उचलताच कळलं. "तुमच्याकडंच द्या म्हणायचे," त्या म्हणाल्या, "पकाकडं मशीन हाय, सवडीनं बघंल म्हणायचे." मग मला राहवलं नाही. तिथेच, पाहुण्यांच्या ताटांच्या गर्दीत, मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी पदराने हात पुसले. "ठाव हाय त्यांना," म्हणाल्या. "मला बी ठाव हाय, भाऊजी. जेवून घ्या."

मागच्या सुटीच्या दिवशी मी एकटाच वर्कशॉपात गेलो. मशीनं बंद असली की तिथे एक वेगळीच शांतता असते, पाण्याखाली उतरल्यासारखी. मोठ्या स्प्रिंगा दाबून तपासायच्या मशीनवर मी विळा नीट टेकवला, वर वाटी बसवली आणि चाक फिरवायला लागलो. उभ्या माणसाच्या वजनाला तो थोडा दबला. धावणारा माणूस पाऊल टाकताना स्वतःच्या दुप्पट-तिप्पट जड होतो, म्हणून चाक फिरवत राहिलो. काळं पातं सावकाश वाकलं. मग पट्टी लावली. त्याच्या डाव्या पायाचा आकडा मला बारा वर्षं पाठ आहे. विळा त्याहून एक सूत कमीच भरला.

मग चाक उलटं फिरवलं. पातं पुन्हा वर आलं, हाताला रेटत. मी दाबतानाचे आणि सोडतानाचे जोराचे आकडे ताडून पाहिले. दिलं होतं त्यापेक्षा परत थोडं कमीच आलं होतं, सगळ्या स्प्रिंगांचं येतं तसं. म्हणजे विळ्याने त्याला पदरचं काही दिलं नाही. पण माझ्या पोटरीने मला किती दिलं? ती काही मशीनवर ठेवता येत नाही. आणि तिचं ते भरून येणं, जे त्याला कधी सोसावं लागलं नाही, ते कुठल्या काट्यावर तोलायचं? निवृत्तीला हवं होतं ते अर्धंच उत्तर मला देता आलं, तेही तो नसताना. त्या दिवशी मैदानावर दिलं असतं तर उरलेलं अर्धं त्याने स्वतः शोधलं असतं, माझ्या पुढे धावत धावत.

ड्रॉवरमधून हिरवं टॅग काढलं. लोड लिहिला, उंची लिहिली, सही केली. तारखेच्या रकान्यापाशी पेन थांबलं. ती बारा वर्षांपूर्वीची तारीख लिहावी असं फार वाटलं, कालची टाक की म्हणणारा आवाजही अगदी जवळून आला. मागची तारीख टाकता येत नाही. मी आजचीच टाकली आणि टॅग विळ्याला बांधलं.