गोदाआत्याचं बसणं

आत्या गेल्याची तार अमरावतीहून आली तेव्हा मी अकोल्याला, जठारपेठेतल्या घरी गहू निवडत होते. तापाचं निमित्त झालं. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं... महिना होत आला, तरी तिच्याबद्दल बोलताना 'होती' असं तोंडून निघत नाही.

गोदाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. अमरावतीबाहेर तिच्या सासरचा भाजीचा मळा. आम्हां भाचरांना तिचं मोठं कौतुक, की आत्या कधी बसत नाही! लग्नकार्यात साऱ्या बायका पंगतीला बसल्या तरी ती वाढत उभी, कीर्तनाला गेली तरी खांबाला टेकून उभी. कामाची बाई, असं सगळे म्हणत.

मला आई नव्हती, म्हणून माझ्या बाळंतपणाला आत्याच अकोल्याला आली. बाळाला न्हाऊ घालायला पाटावर टेकली आणि कण्हतच उठली. लुगड्याला रक्त लागलेलं. मी पुष्कळ विचारलं, तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "अंग बाहेर येते वं माहं... धाकट्याच्या बाळंतपणापासून. फडकं बांधून चालवून राहिली."

"आणि कुणाला बोलली नाहीस?"

"कोणाले सांगू? हे सांगाची गोष्ट हाय का?"

तिचा धाकटा तोवर स्वतः बाप झाला होता.

बायकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी अंग आत धरून ठेवायला आधी रबराची कडी बसवून पाहिली. ती टिकेना, आत जखमा होऊ लागल्या. मग त्या म्हणाल्या, गर्भाशय खालच्या वाटेनं काढून सैल पडलेला भाग शिवून घ्यावा लागेल, पण या वयात क्लोरोफॉर्मची भीती आहे. धाकटा धावत आला. "म्हातारपणी चिरफाड कायले, माय? टेबलावरच गेली तं?"

"गेली तं गेली. मले एकडाव मांडी घालून जेवाचं हाय."

आत नेताना मात्र तिनं माझा हात घट्ट धरला. "पाच लेकरं देल्ली या पिशवीनं मले. लय शिणली बिचारी... जाऊ द्या आता तिले."

ती वाचली. कितीतरी दिवस पाठीवर पडून होती, मग एका दुपारी डॉक्टरीणबाईंनी बसायची परवानगी दिली. मी चटई अंथरून वरणभाताचं ताट ठेवलं. आत्या हळूच मांडी घालून बसली, घास उचलला आणि तो हातात तसाच धरून रडू लागली.

"दुखतंय का?"

"नाई वं. माह्या सुमीच्या लग्नात जावई म्हने, आमच्या संगं पंगतीले बसा. मी नाई बसली. त्याले वाटलं, बाईले गर्व हाय. सुमीनंबी तेच धरलं मनात... बाळंतपणात गेली पोर, तवरोक मले तिले सांगता आलं नाई."

मी तिच्या शेजारी चटईवर बसले. भात निवला तरी घास तिच्या हातातच होता.

परवा मळ्यात गेले होते. मेथीच्या वाफ्याच्या कडेला एक गोणपाट घडी करून ठेवलेलं असतं. ऑपरेशननंतर जी थोडी वर्षं मिळाली त्यांत आत्या सकाळी त्यावर बसून जुड्या बांधायची, आणि कुणी हाक मारली तरी चटकन उठायची नाही. सून वाफ्याला पाणी देताना ते गोणपाट उचलते, आणि पाणी जिरलं की पुन्हा तिथंच ठेवते.