लॅक्टोवाले दाजी

महाराजांच्या राज्यात हत्ती होते, चित्ते होते, तालमीतालमीत पैलवान होते. पण आमच्या दाजींइतका तापट जीव सबंध कोल्हापुरात दुसरा नव्हता. दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान, हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. त्यांचा राग माणसांवर होताच, शब्दांवर त्याहून जास्त. दुधात पाणी आहे का हे पाहायची काचेची नळी, लॅक्टोमीटर, त्यांनी मुंबईहून मागवली आणि तिच्या नावावरच भडकले. "लॅक्टो म्हणजे दूध, अस्सल लॅटिन! लॅक्टिक आम्लातही तेच. आणि मीटर ग्रीक! लॅटिन धडाला ग्रीक शेपूट कुणा गाढवानं लावलं?" हे त्यांनी वर्गाला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, माझ्या लग्नात भटजींनाही सांगितलं. मंगलाष्टकं खोळंबली, मी बोहल्यावर दातओठ खात उभा.

नळी आल्यापासून गल्लीतला एकही गवळी टिकला नाही. उरला गंगावेशीचा रामू. तो म्हैस दारात आणून डोळ्यांदेखत धार काढायचा. आक्काच्या अंगावर दूध नव्हतं. तान्ही पोर ह्याच दुधावर. एका सकाळी दाजींनी फेसाळ, कोमट दुधात नळी सोडली. ती खोल गेली.

"पाणी! चोरा, पाणी!"

"मास्तर, धार तुमच्या म्होरं काढली की! पाणी काय म्हशीनं घातलं व्हय?" असं ओरडून, भांडं तिथंच टाकून रामू म्हैस घेऊन चालता झाला. दाजींनी ते दूध नळीसकट पुरावा म्हणून कोनाड्यात ठेवलं, आक्काला हात लावू दिला नाही. मी तांब्या घेऊन गल्ली पालथी घातली; दाजींचं नाव निघताच दारं बंद. पोर भुकेनं किंचाळत होती. मी संतापलो, "दाजी, आता तिला तुमचं लॅटिन पाजा!"

दुपारी दाजी कोनाड्यापाशी थबकले. दूध निवलं होतं, फेस बसला होता आणि नळी वर आली होती. निर्भेळ दूध! ऊन दुधात नळी बुडतेच, हे ते दरसाल पोरांना शिकवायचे. आता त्या दुधाला आंबूस वास येत होता.

दाजी अनवाणीच गंगावेशीला निघाले, मागून मी. रामूपुढं त्यांनी पगडी उतरवली, हात जोडले. पोरीला दूध मिळालं नाही, हे मीच सांगितलं.

"पोर सकाळधरनं उपाशी, आन् तुम्ही हात जोडत बसलाय?" रामू खेकसला. "भांडं कुठाय?"

भांडं आणायचं दाजी विसरले होते. रामूनं स्वतःचा लोटा भरून दिला.

दाजी जाऊन बरीच वर्षं झाली. जन्मभर छळलं मला त्या माणसानं. पण तो लोटा दोन्ही हातांनी छातीशी धरून, थेंब सांडू नये म्हणून भर उन्हात पाऊल जपून टाकणारे दाजी आठवले, की अजूनही त्यांच्यावर रागावणं माझ्याच्यानं होत नाही.