पायाळूचा पाय नगरला जातो

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून पायाकडून बाहेर आलेलो. एवढ्या शिक्षणावर आमच्या कोल्हारात माणूस वैद्य होतो. कुणाच्या कमरेत उसण भरली की मला बोलावणं. तो उंबऱ्याशी पालथा पडणार, मी डावा पाय त्याच्या कमरेला लावणार, वर चहा. या प्रकारावर माझा काडीचा विश्वास नाही. चहावर आहे.

मग माझीच कंबर धरली. भंडारदऱ्याहून भटकून येताना मालट्रकमध्ये पोत्यांवर बसलो, आणि एका खड्ड्यात कमरेतून कळ निघाली ती थेट पावलापर्यंत. आता पायाळूला लाथ घालायला दुसरा पायाळू कुठून आणायचा? महादूमामा म्हणाला, "तूच वाक आन् सोताला मार." हा आमचा सल्लागार.

महिनाभर बिब्बा, एरंडेल, शेकणं, सगळं झालं. एक दिवस प्रवरेवरून परत येताना मामा मागून ओरडला, "आरं, चप्पल कुठं टाकली?" डाव्या पायात चप्पल नव्हती. वाटेत गळाली होती आणि पायाला पत्ता नव्हता. तेव्हा मात्र घाबरलो. भटकणाऱ्याकडे दुसरं असतं काय?

नगरच्या एका दवाखान्यात दर गुरुवारी पुण्याहून मणक्याचा मोठा डॉक्टर येतो, दुपारी एकपर्यंत असतो, असं कळलं. गुरुवारी सकाळी मी आणि मामा एसटीत बसलो. तुम्हीही कंबर घेऊन निघणार असाल तर ऐका: मागचं बाक घेऊ नका. अडीच रुपये तिकिटात मनमाड रस्त्याचे सगळे खड्डे येतात, वगळून मिळत नाहीत. राहुरीच्या स्टँडवर भजी मिळतात. तेल कधीचं आहे ते विचारू नये.

राहुरीच्या पुढे गाडीचं पाणी उकळलं. रस्त्याकडेला दुष्काळी कामावरच्या बाया खडी फोडत बसल्या होत्या. मामाला गप्प बसवेना. "आमचा भाचा पायाळू हाय बरं का!"

झालं. हातोडे बाजूला पडले. मला नाही म्हणता आलं असतं, पण बायांनी भाऊ म्हणून हाक मारली आणि मी लागलो पाय लावायला. एक दांडगी बाई पालथी पडली.

"दाब की रं भाऊ."

"दाबतोय."

"कुठं? पाय हाय का लाकूड?"

बाया हसल्या. मीही हसलो, पण पायाखाली लुगडं आहे की दगड, खरंच कळत नव्हतं. तेवढ्यात एसटी निघून गेली. कंडक्टरने हात केला, थांबायचा नव्हे, निरोपाचा. मिलोची, म्हणजे रेशनच्या लाल ज्वारीची, पोती भरलेला ट्रक मिळेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. पुन्हा पोत्यांवरच. विळद घाटात मी मामाच्या सात पिढ्या काढल्या. त्या माझ्याही आजोळच्या, हे नंतर लक्षात आलं.

पोचलो तेव्हा डॉक्टर मोटारीत बसत होते. मामा सरळ मोटारीपुढे उभा राहिला. "सायेब, लई लांबून आलोय. पोराचा पाय चाललाय." डॉक्टर चिडले, पण उतरले.

त्यांनी मला टेबलावर उताणं पाडलं, पाय सरळ वर उचलला; मी ओरडलो. मग टाचणी काढली. मी डोळे मिटून वाट बघितली.

"डॉक्टर, टोचा की."

"टोचून झालं," ते म्हणाले. "अंगठा वर कर."

केला. म्हणजे मी केला, अंगठ्याने नाही.

"मणक्यातली गादी सरकलीय, शीर दाबली गेलीय. तीन आठवडे फळीवर झोपायचं, उठायचं ते फक्त परसाकडला. लघवी अडली तर त्याच दिवशी इकडे यायचं. आणि तीन आठवड्यांत अंगठा उचलला नाही तर पुणे, ऑपरेशन. त्यानंतरही पाय येईलच असं सांगत नाही."

बाहेर पडलो तर दवाखान्यातला शिपाई कुजबुजला, "पाव्हणं, मामा म्हनले तुमी पायाळू हाय. माझ्या कमरंला जरा..." एवढ्या मोठ्या दवाखान्यात! मामा खूश झाला. मी नाही.

परतीला मामाने पुढचं बाक भांडून मिळवलं. घरी सुताराकडून फळी आणली, एकट्यानेच उचलून. तीन आठवडे मी आढ्याकडे बघत पडलो. एवढ्या काळात कुठेच न जाणं हा माझा सगळ्यात लांबचा प्रवास, आणि बघण्यासारखं काहीही नाही. अंगठा रोज बघायचो. ढिम्म.

शेवटच्या गुरुवारी पुण्याची पिशवी भरून ठेवली होती. फळी परत न्यायला मामा वाकला आणि तसाच राहिला. उसण.

"मामा, नगरला जाऊ," मी म्हटलं.

"मसणात गेलं नगर. पाय लाव."

पालथा पडला. मी भिंत धरून डावा पाय त्याच्या कमरेवर ठेवला. नेहमीसारखंच, पायाला काहीच लागलं नाही. मग अंगठ्याखाली काहीतरी बारीक, खरखरीत लागलं. मामाच्या बंडीची शिवण.

"दाब की!"

मी दाबलं नाही. पाय थोडा सरकवला. शिवण गेली. परत आणला. शिवण आली.