काचेपलीकडची आमटी

मानसोपचारतज्ज्ञांकडे मी गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून गेलो आणि "एकदम मजेत आहे" असं सांगून परत आलो. जणू मुलगी बघायला गेलो होतो.

दुसऱ्या खेपेला बायको सोबत आली. "अहो डॉक्टर, हे स्वतःच्या हाताकडे परक्याचा हात असल्यासारखे बघत बसतात. मध्येच हमसून रडतात."

डॉक्टर म्हणाले, "या तुटलेपणावर थेट अशी गोळी नाही. जिवाची घालमेल कमी व्हायला ही देतो. काही आठवडे लागतील, आणि बोलायला मात्र यायचंच."

मी गोळी घ्यायचो आणि आनंद वाजतगाजत येईल म्हणून दाराकडे बघत बसायचो. काल दुपारी आमटीची वाफ चष्म्यावर आली. चष्मा पुसला, भुरका मारला आणि दचकलो. हे तोंड माझंच होतं! इतके महिने काचेपलीकडे राहिलेलं जग परत आलं ते जिभेवरून, जास्तीच्या मिठासकट. मला हसूच फुटलं.

"अगं, आमटी खारट झालीय!" मी आनंदानं ओरडलो.

बायकोनं पदरानं डोळे टिपले आणि माझी वाटी ओढून घेतली. "गोळ्या बंद करायच्या नाहीत. पण आजारपणात निदान मुकाट्यानं जेवत तरी होतात!"