यादीत नसलेलं घड्याळ

आपण आयुष्यात एकच चूक केली, असं आमच्या भावजींचं, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याचं, स्वतःचं मत आहे. ताईचा आकडा बराच मोठा आहे. मी मेहुणी, त्यामुळे थट्टेचा हक्क माझ्याकडे जन्मभराचा. पण या एका चुकीवरून मी त्यांना कधी चिडवत नाही, म्हणून ती सांगून टाकते.

भावजी घड्याळजी. कापडाच्या एका दुकानाच्या जिन्याखाली त्यांची जागा होती. आत एक माणूस नीट बसायचा. दुसरा आला की पहिल्याने श्वास आत ओढून घ्यायचा. तिथे डोळ्याला भिंग लावून ते बेचाळीस वर्षं बसले. स्वतःच्या लग्नात हॉलमधलं घड्याळ चार मिनिटं मागे आहे, हे त्यांच्या लक्षात आलं आणि नवरदेव स्टुलावर चढले. अल्बममधला पहिला फोटो तोच आहे. ताई खाली उभी राहून स्टूल धरते आहे.

दुकानात कंपन्यांच्या सुट्या भागांच्या जाडजूड याद्या होत्या. कुठल्या मॉडेलला कुठली तबकडी, कुठले काटे, कुठली काच, सगळं चित्रांसकट. भावजींना ती काळ्या दगडावरची रेघ. "यादीत नाही ते घड्याळात नाही," असं ते म्हणायचे. घरीही तोच खाक्या. सहा कपांतला एक फुटला म्हणून मी त्याच मापाचा पण वेगळ्या नक्षीचा कप आणून दिला, तर जाताना तो बशीसकट माझ्याच पिशवीत निघाला.

त्यांच्या आणखी दोन सवयी होत्या. काढलेला जुना भाग ते फेकत नसत. छोट्या पाकिटात घालून वर तारीख लिहीत. आणि दुरुस्ती झाली की घड्याळाच्या मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक अक्षरात काय केलं ते कोरून ठेवत. गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नाही. पुढे कधीतरी जो घड्याळजी झाकण उघडेल, त्याच्यासाठी तो निरोप असतो.

तलावावर मुलांना पोहायला शिकवणारे एक सर होते. आवाज असा, की पलीकडच्या टोकाचं मूल बुडायचं थांबायचं. त्यांच्या मनगटावर पाण्यात चालणारं एक भारी घड्याळ असे. भाऊ जहाजावर नोकरीला होता, त्याने शेवटच्या सुट्टीत दिलेलं. नंतर तो समुद्रातच गेला. मागे राहिलं ते हे घड्याळ. तेच मागे पडायला लागलं, तेव्हा सर ते भावजींकडे घेऊन आले.

भावजींनी ते उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मशीन नव्या मॉडेलचं. काचही नवीच, चरा न पडणारी. तबकडी मात्र जुन्या मॉडेलची: बिनचमकीची, तासांचे ठिपके नुसते रंगाचे, उन्हापाण्याने पिवळे पडलेले. यादीत नव्या मॉडेलची तबकडी चकचकीत होती आणि ठिपक्यांना पांढऱ्या धातूची कड होती. धड हे ना धड ते, असं घड्याळ यादीत कुठेच नव्हतं.

"कोणीतरी हात मारलाय," असा भावजींनी निकाल दिला. खरी तबकडी कोणीतरी लांबवली आणि जुनी चिकटवली. सरांच्या वतीने ते इतके चिडले, की त्या दिवशी ताटावरून उठून पत्र लिहायला बसले. कंपनीकडून त्यांनी यादीतली तबकडी आणि काटे मागवले, चार महिने वाट पाहिली, ते बसवले आणि झाकणाच्या आत कोरलं: "तबकडी चुकीची होती. बरोबर बसवली."

सरांनी घड्याळ हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं.

"हे माझं नाही," ते म्हणाले.

भावजींनी त्यांना झाकणावरचा नंबर दाखवला. "तुमचंच आहे. फक्त आता ते बरोबर झालंय. आधीची तबकडी चुकीची होती."

"माझ्या भावाने दिलं तेव्हा तीच होती."

"मग तुमच्या भावाला कोणीतरी फसवलं."

हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, कारण ताईचा डबा घेऊन मी तिथे उभी होते. भावजींच्या मनात काही वाईट नव्हतं. ते फक्त माहिती देत होते. सरांनी घड्याळ खिशात घातलं आणि ते गेले. त्यानंतर भावजी दिसले की सर रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जायचे. असं अकरा वर्षं चाललं.

मग भावजींचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात, मग चिमट्यात. दुकान बंद करायचं ठरलं. जुने भाग बघायला एक दातांचे डॉक्टर आले. त्यांना जुन्या घड्याळांचं वेड होतं. पाकिटं चाळता चाळता एका पाकिटापाशी ते थांबले.

"ही तबकडी कुठल्या घड्याळातली?"

भावजींनी सांगितलं. चुकीचं घड्याळ होतं, हेही सांगितलं.

"चुकीचं नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "कंपनीने मशीन बदललं, काच बदलली, पण जुन्या तबकड्या शिल्लक होत्या. त्या संपेपर्यंत दोन-अडीच वर्षं अशीच घड्याळं निघाली. जुन्याचे शौकीन म्हणतात काच नवी, नव्याचे म्हणतात तबकडी जुनी. म्हणून या घड्याळांना कोणी विचारलंच नाही. यादी छापेपर्यंत ती बंदही झाली होती." मग त्यांनी जरा घाईने विचारलं, "ही मला द्याल?"

"नाही," भावजी म्हणाले. त्यांनी पाकीट उचलून स्वतःच्या खिशात ठेवलं.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," ताई म्हणाली. पण हळू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भावजी मला म्हणाले, "सरांकडे जायचंय. तू चल. तू असलीस की लोक मला कमी बोलतात."

सर दुसऱ्या मजल्यावर राहत होते. दार उघडून त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि ते दारातच उभे राहिले. आत या म्हणाले नाहीत. खिळ्याला त्यांची शिटी टांगलेली दिसत होती. भावजींनी वाटेत चार वाक्यं पाठ केली होती. त्यांतलं एकही त्यांना आठवलं नाही.

"सर," ते म्हणाले, "तुमच्या भावाला कोणी फसवलं नव्हतं. मी चुकलो."

सर बाजूला झाले. कपाटातून त्यांनी पोहण्याची एक जुनी रबरी टोपी काढली. आत घड्याळ होतं, बंद पडलेलं. अकरा वर्षांत त्यांनी ते घातलंच नव्हतं.

खिडकीजवळच्या जेवणाच्या टेबलावर भावजींनी हत्यारं मांडली. हे काम दुसऱ्या कोणाला तरी द्या, असं मी वाटेत सुचवलं होतं. "बिघडवलंय मी," एवढंच उत्तर मिळालं होतं. पण पहिला काटा उचलताना चिमटा हलला आणि काटा टेबलावर उडाला. दुसऱ्यांदाही तेच. तेव्हा मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरून टेबलावर दाबलं. इतक्या वर्षांत मी त्यांचा हात कधी धरला नव्हता. कातडीखाली ती थरथर सतत चालू होती. मला फार वाईट वाटलं. त्यांना आयुष्यभर चिडवलं त्याचंही वाटलं.

सव्वादोन तास लागले. पिवळ्या ठिपक्यांची तबकडी आपल्या जागी गेली, जुने काटे तिच्यावर बसले, झाकण लागलं. सरांनी घड्याळ उजेडात धरलं.

"हे माझं," ते म्हणाले. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण मला ते जेमतेम ऐकू आलं.

"दोन मिनिटं परत द्या," भावजी म्हणाले.

सरांनी हात मागे घेतला. कोणीही घेतला असता. मग त्यांनी भावजींच्या तोंडाकडे पाहिलं आणि घड्याळ टेबलावर ठेवलं.

भावजींनी झाकण पुन्हा उघडलं, सुई घेतली आणि मला मनगट धरायला सांगितलं. जुन्या ओळीखाली त्यांनी नवी ओळ कोरली. वरचं अक्षर छापल्यासारखं होतं, खालचं पहिलीतल्या मुलाने काढल्यासारखं. सरांनी भिंग मागून घेतलं आणि दोन्ही ओळी वाचल्या. मग मला वाचायला दिल्या. खाली लिहिलं होतं: "मूळ तबकडी हीच. चूक माझी. पुढच्याने बदलू नये."

झाकण लागलं. सरांनी घड्याळ स्वतः घातलं नाही. ते भावजींसमोर ठेवून त्यांनी डावा हात टेबलावर पुढे केला. भावजींना पट्टा लावायला खूप वेळ लागला. तेवढा वेळ सरांनी हात जराही हलवला नाही.